कंटेनरवाली अक्का

कंटेनर शिकवायला बसली की अक्का आधी आम्हा मुलींना जेवणाचे डबे उघडायला लावायची. "बघ, भात, आमटी, लोणचं, समदं घरनंच आलंय. हा डबा अणशीत उघड न्हाईतर बेळगावात, जेवण तेच मिळतंय. कंटेनर म्हंजे हेच." प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका डब्यात भरायचं, म्हणजे तो कुठल्याही कॉम्प्युटरवर चालतो. एवढं आमच्या डोक्यात शिरेपर्यंत आमटी गार व्हायची.

अक्का बंगळूरची नोकरी सोडून आमच्या गावी, गणेशगुडीला परत आली होती. राफ्टिंगच्या एका लॉजच्या मालकानं मागची खोली आणि एक कॉम्प्युटर वापरायला दिला. आमच्या चुकांवर ती ओरडत नसे. "रडतीस कशाला? बिघडला डबा तर टाकून दे, दुसरा काढ." एकाच गोष्टीवर भडकायची: "जपायचं ते डब्यात ठेवू नका गं. डबा गेला की आतलंबी गेलं."

शिकता शिकता आम्ही एक साइट उभी केली. दिग्गी-अणशीकडच्या घरांत उतरणारे पाहुणे तिच्यावर थेट खोली ठरवू लागले. मध्ये लॉज नको. मालक बघून हसायचा. त्याचं ते हसू मला कधीच आवडलं नाही. बुकिंगं मात्र अजून डब्यातच होती. "दसरा झाला की बाहेर काढू," अक्का म्हणाली. तिचंही चुकलंच.

खंडेनवमीला आमच्याकडे कोयता, नांगर, होडी, कशालाच कामाला लावत नाहीत. पुसून, हळद-कुंकू लावून पुजतात. त्याच मानानं अक्कानं आदल्या संध्याकाळी आमचा साइटचा कंटेनरही बंद केला. सकाळी पूजेआधी मालकानं कॉम्प्युटर पुसला आणि आतूनही साफ केला. बंद असलेले सगळे कंटेनर एका झटक्यात काढणारी कमांड त्याला अक्कानंच शिकवली होती. आमचाही गेला, बुकिंगांसकट. चालू असता तर वाचला असता.

"काका, इचारायचं तरी!" अक्का म्हणाली.

"तूच सांगितलंस न्हवं, बंद पडलेलं काढून टाकायचं?"

सुट्टीत गाड्या भरून पाहुणे आले. कोण कुणाकडे उतरणार, कुणालाच ठाऊक नाही. एका दारात भांडणं, दुसऱ्या घरी रांधलेलं वाया. मालकानं सगळ्यांना लॉजवर नेलं. अक्काला लेकीसारखं जपणाऱ्या त्या घरांतल्या बायकांनीच तिच्या नावानं बोटं मोडली. मालकाला कुणी एक शब्द विचारला नाही. अक्का बंगळूरला निघून गेली, आता फोनही उचलत नाही.

त्या घरांची बुकिंगं आता लॉजवरूनच होतात आणि ती मी सांभाळते. पोटासाठी. परवा मालक पाहुण्यांना कौतुकानं सांगत होता, "समदं मीच शिकवलंय हिला."

"अक्कानं शिकवलं," मी म्हटलं.

"कोण अक्का?" पाहुण्यांनी विचारलं.

"व्हती एक," मालक म्हणाला. "लई घोळ घालून गेली."