योग्य मार्गाने

सृष्टीची घडण संपूर्ण जाणणारा पुरुष मला अद्याप भेटलेला नाही. शास्त्राची चार पाने उलटली की आपले अज्ञान किती विस्तीर्ण आहे, एवढेच कळते. तुरुंग खात्याची घडण मात्र मुळापासून शेंड्यापर्यंत जाणणारा एक पुरुष मी पाहिला आहे, आणि तो माझा साडू होता. आमच्या सौभाग्यवतींच्या थोरल्या भगिनीचे हे यजमान दिल्लीत तुरुंग खात्याच्या मुख्यालयात आस्थापना शाखेचे बडे बाबू होते. पहारेकऱ्यांच्या नेमणुका, रजा आणि बदल्या एवढेच त्यांचे क्षेत्र; बंदिवानाशी त्यांचा प्रत्यक्ष संबंध कधी आला नाही, आणि एकतीस वर्षांच्या सेवेत ते तुरुंगाच्या फाटकाच्या आत पाच-सहा वेळांहून अधिक गेले नसावेत. परंतु खात्याची रचना हा त्यांच्या उपासनेचा विषय होता. आमच्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादाला बसले असता त्यांनी पंचामृताच्या द्रोणाला महानिरीक्षक केले आणि त्याखाली सात लाडू ओळीने मांडून शेजारच्या पाहुण्यांना समजावले, "ही आस्थापना, हे भांडार, हा कारखाना, ही वैद्यकीय, हे कल्याण, ही विधी आणि ही माफी. कागद वरून खाली येतो, खालून वर जातो. आडवा कधीही जात नाही." पाहुण्यांनी नकळत विधी शाखा खाल्ली, तेव्हा त्यांच्या मुखावर उमटलेली वेदना मी अजून विसरलो नाही.

घरातही हीच व्यवस्था होती. स्वयंपाकघर म्हणजे भांडार, औषधांचा डबा म्हणजे वैद्यकीय शाखा, आणि प्रत्येक मागणी लेखी. एकदा ते पोह्यांच्या बशीकडे फार वेळ पाहत बसले, तेव्हा आमच्या मेहुणीबाई म्हणाल्या, "अहो, खायचे आहेत की मंजूर करायचे आहेत?" त्यांच्या कन्येला एकदा महिनाभर सिनेमाबंदीची शिक्षा झाली होती. तिने रोज न सांगता तुळशीला पाणी घातले, म्हणून साडूंनी तिला चार दिवसांची माफी दिली. कारण बंदिवानाने नेमून दिलेले काम नीट केले की त्याच्या शिक्षेतून दिवस वजा होतात, असा खात्याचा नियम आहे. "शास्त्रीबुवा," ते मला म्हणाले, "साऱ्या खात्यात करुणा म्हणाल तर ती या एका शाखेत आहे. बाकी सगळे कुलूप आणि किल्ली." मी आजन्म संस्कृत शिकवले, करुणेचे इतके नेमके स्थान मला कोणी दाखवले नव्हते.

त्यांचा दुसरा नेम असा, की त्यांनी एकही कागद कधी हाताने दुसऱ्या शाखेत नेला नाही. शेजारच्या खोलीतील बाबूला काही विचारायचे झाले तरी टिपण लिहून ते आवक-जावक टेबलामार्फत पाठवत आणि भिंतीपलीकडून ऐकू येणाऱ्या खोकल्याच्या उत्तराची तीन दिवस वाट पाहत. खात्याची पुनर्रचना झाली, माफी शाखा बंद होऊन तिचे काम विधी शाखेत गेले, तेव्हा त्या परिपत्रकावर त्यांनी "पाहिले" म्हणून सही केली. पण मनाने ते मान्य केले नाही. "माझ्या नोकरीत ही तिसरी वेळ," ते म्हणत. "पुन्हा उघडतील. सातावाचून खाते उभे राहत नाही." बोलताना, आकृती काढताना, ते सातच शाखा सांगत राहिले.

त्यांच्या निवृत्तीला तीनेक महिने उरले असताना नजफगडच्या पलीकडच्या एका खेड्यातील बाई मुख्यालयात आली. तिचा भाऊ तुरुंगातल्या सुतारकामाच्या कारखान्यात राबत होता. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात बदली झाल्यामुळे त्याच्या जुन्या कामाचे माफीचे दिवस धरायचे राहून गेले होते. ते धरले तर त्याची शिक्षा संपल्यातच जमा होती. बाईच्या मुलीचे लग्न ठरले होते, आणि तिकडच्या रीतीप्रमाणे मुलीच्या मामाने बहिणीच्या दारी भात, म्हणजे माहेरचा लग्नाचा आहेर, घेऊन यायचे असते. बहीण भावाला पाटावर उभे करून टिळा लावते, भाऊ तिच्या डोक्यावर चुनरी घालतो. "भाई ना आए तो भात कौन भरेगा, बाबूजी?" तिने विचारले. साडूंनी तिला बसवले, पाणी दिले, कागदावर सात चौकटी काढल्या, तिच्या अर्जाच्या लिफाफ्यावर लाल पेन्सिलीने "उचित माध्यम से" असे लिहिले आणि दुसऱ्या मजल्यावरच्या माफी शाखेच्या दारावरील पेटीत तो टाकायला सांगितले. बाई दर सोमवारी येऊन बाकावर बसे. साडू येता-जाता तिला धीर देत, "कागज़ चल रहा है, बहन. बीच में छेड़ना ठीक नहीं."

निवृत्तीच्या दोन दिवस आधी, बुधवारी, निरोपसमारंभाला खुर्च्या कमी पडल्या म्हणून शिपायाने दुसऱ्या मजल्यावरची माफी शाखेची ती बंद खोली उघडली. दाराच्या पेटीत एकच लिफाफा होता. शिपाई तो घेऊन साडूंकडे आला आणि भाबडेपणाने म्हणाला, "बड़े बाबू, अक्षर तो आपका लगता है."

त्या दिवशी जे घडले ते मुख्यालयात पुढे अनेक वर्षे सांगितले जाई. साडू उठले, लिफाफा हातात घेतला आणि स्वतःच्या पायांनी विधी शाखेत गेले. मुलाच्या वयाच्या कारकुनाने डोळे विस्फारले, "बड़े बाबू! हाथ में कागज़? डाक से भेज देते, तीन दिन में मिल जाता!" सगळी खोली हसली. साडू हसले नाहीत. "बेटा, मुझसे भूल हुई है," एवढेच म्हणाले. कारखाना शाखेतून कामाची जुनी नोंदवही त्यांनी स्वतः काढवली, विधी शाखेत उभे राहून दिवस मोजवले, कल्याण शाखेची शिफारस घेतली. एकतीस वर्षांत न चाललेली आडवी वाट त्यांनी दोन दिवसांत तुडवली. शुक्रवारी सायंकाळी, गळ्यात निरोपाचा हार तसाच असताना, त्यांनी महानिरीक्षकांची सही मिळवली. परंतु तुरुंगातली अखेरची पडताळणी सोमवारी व्हायची होती, आणि लग्न रविवारी होते.

शनिवारी त्यांनी मला करोल बागेतून चुनरी घ्यायला सोबत नेले. "लाल घेऊ की पिवळी?" असे त्यांनी दुकानदाराला इतक्या व्याकूळतेने विचारले, की त्याने सुपारी थुंकून दोन्ही पसरून दाखवल्या. रविवारी आम्ही बसने त्या गावी पोहोचलो. दारात बाई उभी होती. तिची नजर आमच्या मागे रस्त्यावर गेली आणि मग साडूंवर स्थिरावली. त्यांनी हात जोडले. "बहन, वो कल आएगा. देर मेरी वजह से हुई. जिस दरवाज़े पर मैंने तुम्हें भेजा, वो बंद था." आत बायकांची गाणी चालू होती. बाईने आतून पाट आणला, साडूंपुढे ठेवला आणि म्हणाली, "खड़े हो जाओ. मुहूर्त निकला जा रहा है." तिने त्यांना टिळा लावला. त्यांनी तिच्या डोक्यावर चुनरी घातली.

परतीच्या बसमध्ये ते मला म्हणाले, "शास्त्रीबुवा, ते तीन महिने माझ्यामुळे वाढले. ते कुणाच्या शिक्षेत धरायचे?" मी त्यांचा हात धरून बसलो.

मंगळवारी सकाळी तो भाऊ त्यांच्या घरी आला. रुंद पंजांचा, केस पिकलेला माणूस, अंगात नवा सदरा. योगायोगाने मी तेथे होतो. साडूंनी त्याच्यासमोर उभे राहून, एखादे टिपण वाचावे तसे, सगळे क्रमाने सांगितले. स्वतःची चूक कोठेही मऊ केली नाही. त्याने ऐकून घेतले. "बाबूजी," तो शेवटी म्हणाला, "आप बैठ जाइए. बुज़ुर्ग हो." साडू बसले. त्यांनी त्यालाही समोरची खुर्ची दाखवली. पण इतकी वर्षे बाबूंपुढे हात बांधून राहिलेला तो माणूस तसाच उभा राहिला. ते पाहून साडू पुन्हा उठले. मेहुणीबाई चहा घेऊन बाहेर आल्या, तेव्हा दोन खुर्च्या रिकाम्या होत्या आणि ते दोघे एकमेकांसमोर, संकोचाने, उभे होते.