दुधाची दाढ

यामिनी माझ्या घरी राहायला आली त्या पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "ऊर्मिलाताई, फ्रीजमध्ये दात ठेवले तर चालतील का?" मी ताडकन नाही म्हटलं. माझ्या फ्रीजमध्ये इडलीचं पीठ असतं, त्याच्या शेजारी मेलेल्या माणसांचे दात मला चालणार नव्हते. त्यावर ती खळखळून हसली. "मस्करी केली हो. दात इन्स्टिट्यूटमध्येच असतात." नंतर तिचं तसं हसणं फारसं ऐकायला मिळालं नाही, म्हणून ते लक्षात राहिलं.

म्युनिकमध्ये एकटीने घर चालवणं मला जड जातं, म्हणून मी एक खोली देते. आधीच्या मुली नोकरीतल्या, आयटीतल्या. ही निघाली दातांची. ग्रीसच्या किनाऱ्यावर एक जुनी दफनभूमी सापडली आहे, तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीची. तिथे पुरलेल्या लहान मुलांच्या दाढांवरून कोणतं मूल आईच्या अंगावर किती काळ पीत होतं हे शोधायचं, हे यामिनीचं काम. दाढ थराथरांनी वाढते म्हणे. दूध पिणाऱ्या मुलाच्या थरांत नायट्रोजनचा एक जड प्रकार जास्त सापडतो. दूध तुटलं की तो कमी होतो. प्रत्येक मुलाची एक रेघ निघते, आधी वर असते, मग उतरते. ती जेवताना हे सांगायची आणि मी म्हणायचे, बाई, मला जेवू दे.

तिच्या खोलीत भिंतीवर एक फोटो होता, त्याहूनही जुन्या ग्रीक थडग्याच्या दगडाचा. खुर्चीत बसलेली एक बाई, आणि वर दोन शब्द कोरलेले. "चांगली दाई," यामिनीने अर्थ सांगितला. दाई म्हणजे दुसऱ्याचं मूल अंगावर पाजणारी. मला आपली नसती चौकशी करायची सवय. मी विचारलं, "दूध होतं म्हणजे हिला स्वतःचं मूल झालं असणार. ते कुठे आहे?"

"ते कोणी कोरत नाही," ती म्हणाली आणि कपडे घड्या करायला लागली.

तिला स्वतःला मुलगी आहे हे मला बऱ्याच उशिरा कळलं. उर्जा. जालन्याला आजीकडे असते. अनुपशी, म्हणजे नवऱ्याशी, पोर पोटात असतानाच यामिनीचं फाटलं होतं. मुलगी आठ महिन्यांची असताना जर्मनीची फेलोशिप आली. यामिनीची आई अंजनाबाई म्हणाली, "तू जा. लेकरू मी बघते." अंजनाबाईचं लग्न लवकर झालेलं, तेव्हा तिचं वय जेमतेम पंचेचाळीस. मग निघायच्या आधीच्या आठवड्यात यामिनीने दूध तोडलं. आपल्याकडे तोडतात तसंच, कडुलिंबाचा पाला वाटून अंगाला लावून. पोरीने तोंड लावलं, वाकडं केलं, रडली, पुन्हा लावलं. शेवटी तिने तोंड फिरवलं ते फिरवलंच.

"आणि तुम्हाला सांगते," यामिनी म्हणाली, "एका ग्रीक वैद्याने लिहून ठेवलंय, की बायका कडू काहीतरी फासून मुलाला एकदम तोडतात, ते फार वाईट. हळूहळू तोडावं. मी ते इथे आल्यावर वाचलं."

इथे आल्यावर तिचं दूध थांबेना. इन्स्टिट्यूटच्या टॉयलेटमध्ये बेसिनवर वाकून ती ते पिळून टाकायची, आणि बाहेर कळू नये म्हणून नळ सोडून ठेवायची. हे सांगताना ती रडली नाही. मीच उठून खिडकी उघडली. मला त्या वैद्याचाही राग आला, अनुपचाही, आणि उगाचच त्या नळाचासुद्धा.

काँट्रॅक्ट वर्षावर्षाचं, त्यामुळे मुलीला आणणं लांबत गेलं. या वर्षी तिला कायमची नोकरी लागली. उर्जा सहा वर्षांची झाली, सप्टेंबरमध्ये इथल्या शाळेत पहिलीला बसणार असं ठरलं. मी माझी मोठी खोली त्या दोघींना देऊ केली. यामिनीने इथली पद्धत म्हणून शाळेच्या पहिल्या दिवशी द्यायचा तो कागदी शंकू, शूलट्यूटे, आताच आणून कपाटावर ठेवला. त्यात खाऊ भरायचा असतो. तो रिकामाच तिथे उभा होता.

अडचण एकच होती, आणि ती दर रविवारी फोनवर दिसायची. उर्जा आजीला आई म्हणते. यामिनीला यामिनी म्हणते.

"यामिनी, तिकडे माझी आई पण येणार ना?"

मागून अंजनाबाई दटावायची, "असं नाही म्हणायचं माय. ती आई आहे तुझी." पोरगी एवढंसं तोंड करायची. फोन ठेवल्यावर यामिनी त्या दिवशी धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायची.

उर्जेचा पहिला दात पडला तो तिने रीतीप्रमाणे पत्र्यावर फेकला. झालं! यामिनीने आईशी असं कडाक्याचं भांडण काढलं की मला मध्ये पडावं लागलं. "अगं, दातच ना? पोरीच्या तोंडात अजून भरपूर आहेत." पण कारण होतं. कामात तुलनेसाठी आजच्या मुलांचे दात लागतात, ज्यांचं दूध कधी तुटलं हे पक्कं ठाऊक आहे असे. तिथले लोक आपापल्या मुलांचे आणून देतात. तिलाही तिच्या मुलीचा द्यायचा होता.

मग आजीच्या लाडाने, म्हणजे चॉकलेटांनी, एक दुधाची दाढ किडली. जालन्याच्या डॉक्टरने ती मुळासकट काढली. सुधीर नावाचा एक विद्यार्थी तिकडून येत होता, त्याच्याबरोबर अंजनाबाईने ती पाठवली, कापसात गुंडाळून काजळाच्या रिकाम्या डबीत. उर्जा तान्ही असताना तिला लावायचे तीच डबी. यामिनीने डबी उघडली, वास घेतला आणि बंद केली.

"त्यात माझे आठ महिने आहेत, ऊर्मिलाताई. ते रेघेत दिसतील. पोरीला आठवत नसलं तरी तेवढे कुणाला पुसता येणार नाहीत."

काही आठवड्यांनी एका शनिवारी ती इन्स्टिट्यूटमधून दुपारीच आली. बूटही न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली. जर्मनांच्या घरात कोणी असं करत नाही, आणि माझ्या तर नाहीच. मी ओरडणार होते, पण तिने लॅपटॉप उघडला.

रेघ वर होती. आठ महिन्यांपाशी यायला हवी ती उतरण नव्हतीच. रेघ तशीच पुढे गेली होती, आणि दोन वर्षांच्या आसपास सावकाश खाली आली होती. अगदी त्या ग्रीक वैद्याला हवी तशी.

"मशीन चुकलं असेल," मी म्हटलं.

"पुन्हा करून बघितलं. प्रोफेसरांनी पण बघितलं. म्हणाले, गेनाऊ, अगदी बरोबर, अशीच असायला हवी. दोन वर्षं पाजलंत, शाब्बास." ती स्क्रीनवर बोट फिरवत राहिली. "माझं कुठे संपलं तेच दिसत नाहीये."

मला तेव्हाही कळलं नव्हतं, खरं सांगते. तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. चहा टाकला होता, फोन टेबलावर स्पीकरवर होता. यामिनीने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"आई, मी गेल्यावर उर्जा काय प्यायची?"

"बाटली. दुसरं काय?"

"आई."

पलीकडे दार लोटून घेतल्याचा आवाज आला.

"बाटली थुंकायची गं," अंजनाबाई म्हणाली. "रडून रडून लेकरू निळं पडायचं. मग एकदा घेतलं अंगाला. म्हटलं कोरडंच चोखू दे, डोळा तरी लागल. रोजच घ्यायला लागले मग."

"आणि?"

"आणि आलं, बाई. या वयात पान्हा! मलाच लाज वाटली. शेजारणींना कळलं असतं तर हसल्या असत्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझं दूध तिकडं दाटत होतं. फोनवर रडायचीस. सांगितलं असतं तर राहिली असतीस का तिथं?"

मी गॅस बंद केला आणि ओट्यापाशीच उभी राहिले. जायला हवं होतं, पण पाय निघेना. शेवटी यामिनी हळू आवाजात म्हणाली, "आई, सप्टेंबरमध्ये न्यायचंय तिला."

"ने ना. तुझीच आहे. मी कुठं नाही म्हणते?" अंजनाबाई म्हणाली. "पण तू तेव्हा कडुलिंब लावलास. मी आता काय लावू, ते सांग."

तेवढ्यात तिकडे अंगणातून उर्जेची हाक आली, "आई!"

"ओ," अंजनाबाई म्हणाली. त्याच क्षणी माझ्या समोर बसलेली यामिनीही म्हणाली, "ओ."

पलीकडे चपला वाजल्या. फोन तसाच ठेवून अंजनाबाई पोरीकडे गेली होती. दोघींचं लांबून काहीतरी बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. यामिनी फोनकडे बघत ऐकत बसली. मी तिचा चहा गाळून तिच्यापुढे ठेवला.