एडिनबराचा प्लग

थंडीत हीटर पहिल्यांदा लावला की तापलेल्या धुळीचा वास येतो, आणि मी नव्वदच्या दशकातल्या कॉव्हेंट्रीतल्या आमच्या ऑफिसात पोचतो. तिथे बसून मी एडिनबराच्या एका हॉस्पिटलचा राउटर दुरूनच नव्या राउटिंग प्रोटोकॉलवर, म्हणजे माहितीने कुठल्या रस्त्याने जायचं ते ठरवणाऱ्या नव्या नियमांवर, आणत होतो. नवे रस्ते लिहिण्याआधी जुने पुसले आणि लाइन गेली, कारण मी आत शिरलो तो रस्ताही मीच ऐटीत पुसला होता. इंग्रज साहेब मागे येऊन उभा राहिला, आणि हॉस्पिटलमधून फोन आला. माझं आडनाव ऐकताच पलीकडच्या डॉक्टरीणबाई मराठीत सुरू झाल्या, "माझा पेशंट ऑपरेशनला थांबलाय, रक्ताचा रिपोर्ट येत नाही. काय केलंस?" सुदैवाने मी काहीच सेव्ह केलं नव्हतं, राउटर बंद-चालू केला की जुने रस्ते परत येणार होते. "बाई, कपाटातल्या डब्याचा प्लग काढा आणि परत लावा." "एवढं शिकून हेच?" "हेच. पण काढाच." साहेबाने विचारलं, काय म्हणतायत? "प्रोटोकॉलवर मतभेद आहेत," मी गंभीरपणे सांगितलं. रिपोर्ट पोचला. "आता हात लावू नकोस," बाई म्हणाल्या. "लावणार. आज पुरं करूनच घरी जाणार." "मग पेशंट ऑपरेशनमधून बाहेर येऊ दे, मी प्लगपाशी उभी राहते." संध्याकाळी त्या खरंच उभ्या राहिल्या; या वेळी मी नवे रस्ते आधी लिहिले, आणि प्लग काढावा लागला नाही म्हणून बाई जरा हिरमुसल्याच. आता घरचा वायफाय रुसला की बायको मला न विचारता प्लग काढते, आणि एवढं शिकलेला मी हीटरपाशी बसून राहतो.