वजीफ्याचं इंग्रजी

आष्टी तालुक्यातल्या एका खेड्याच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा आपल्याला इंग्रजी येतं, याचा मला भारीच ताठा होता. नगरकडून आलेली, बिनलग्नाची, एका खोलीत एकटी राहणारी मास्तरीण. लोक आदरानं "बाई" म्हणत आणि तितक्याच आदरानं लांब राहत. शनिवारी शाळा सुटली की सोमवारपर्यंत तोंडातून शब्द निघायचा नाही. कधीकधी मी स्टोव्हलाच रागवायची, तेवढंच बोलणं.

अपवाद फक्त शेजारच्या चाचींचा. साठीच्या, एकट्याच. त्यांचे यजमान निजामाच्या काळात तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. रोज संध्याकाळी त्या माझ्या उंबऱ्यावर येऊन बसत, सुपारी कातरत आणि अर्ध्या मराठीत, अर्ध्या उर्दूत गावभरच्या गोष्टी सांगत. मी त्यांच्या चपलांच्या आवाजाची वाट बघायची, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

पोलीस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, इंग्रजी आली. एक दिवस चाची म्हणाल्या, "बाई, आमचे हे गेले तसा वजीफा बंद झाला. उर्दूत अर्ज दिल्ता, पर आता तिथं उर्दू कोणी वाचून न्हाई राह्यलं. तुम्ही इंग्रजीत लिहून द्या ना."

वजीफा विद्यार्थ्यांना मिळतो, एवढंच मला ठाऊक. या मुलखात विधवांनाही मिळत असेल, म्हणून ऐटीत 'स्कॉलरशिप' लिहिलं. महिन्याभरानं कागद परत आला. वर शेरा होता : अर्जदार कोणत्या इयत्तेत शिकते? चाची पोट धरून हसल्या. "लिहा, पयलीत बसलीय!" मीही हसले. त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच मोकळी हसले. मग त्यांनी समजावलं, की हैदराबादच्या राज्यात नोकरी संपल्यावर मिळतो तो वजीफा.

म्हणजे पेन्शन. साधा शब्द, माझ्या वडिलांनाही पेन्शनच होती. पण नवऱ्यामागं बायकोला पेन्शन देतील की नाही, अशी शंका आली आणि मी अक्कल पाजळली. साहेबाला दया आली पाहिजे, म्हणून कोशातून शोधून 'चॅरिटी' घातलं. वर 'निराधार', 'लाचार' हेही इंग्रजीत घातलं. अर्ज दोनदा वाचला आणि स्वतःवर खूश झाले.

अर्ज मंजूर झाला. चाची बैलगाडीनं तालुक्याला गेल्या. तिथल्या कारकुनानं हुकूम वाचला आणि त्यांना नीट समजावं म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं, "तुमची खैरात मंजूर झाली." आसपास त्यांच्या यजमानांबरोबर काम केलेली माणसं बसली होती. चाचींनी अंगठा उठवला नाही. कागद टेबलावर ठेवून परत आल्या.

त्या संध्याकाळी त्या आल्या नाहीत, म्हणून मीच गेले. दारात उभ्या राहूनच बोलल्या.

"बाई, त्यांनी तीस साल नोकरी केली. ते त्या कागदात पाहिजे होतं मला. तुम्ही खैरात लिवली."

"चुकलं चाची. पेन्शन लिहिते, आत्ताच लिहिते."

"पयल्या खेपेला गलती झाल्ती. ही गलती न्हाई बाई. मी तुम्हाला तशीच दिसली."

त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं.

नवा अर्ज लिहून तीनदा त्यांच्या दारी गेले. अंगठा काही मिळाला नाही. "राहू द्या बाई," म्हणून त्या दार लोटून घेत. पुढं त्यांचा भाचा त्यांना परभणीला घेऊन गेला. शेजारी राहून मला ते शाळेत कळलं.

मी तिथं आणखी चार वर्षं काढली. गरजूंचे अर्ज फुकट लिहून देते म्हणून गावानं मला मोठी दयाळू ठरवलं. चाची रोज येऊन माझ्याशी तासभर बोलत, त्याला काय म्हणायचं, ते मात्र मी कोशात कधी बघितलं नव्हतं. त्या गावात मला जवळ करणारं ते एकच माणूस होतं आणि मी त्याला कागदावर भिकारी केलं.