म्हशीचा कोट

मास्टर निरंजनसिंग गिऱ्हाईक हसल्याशिवाय माप घेत नसत. गळ्यात फीत, पगडीत खोचलेला खडू, आणि समोर पासपोर्टच्या फोटोला उभा राहावा तसा छाती काढून उभा असलेला माणूस. मास्टर त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. मग खुर्ची ओढून बसायचे आणि म्हणायचे, "साँस छोड़ो, बाऊजी. कोट आपका बन रहा है, मूर्ती का नहीं." गिऱ्हाईक श्वास सोडायचं, पण पोट आतच. मग मास्टर म्हशीचा विनोद सुरू करायचे.

हा मनुष्य मला भेटला तो माझ्या खोटेपणामुळे, म्हणून आधी तेवढं सांगून टाकतो. मी मूळचा मिरजेचा. नवव्या वर्षी चिंचेवरून पडलो आणि तेव्हापासून माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे. फार नाही, पण शाळेतल्या पोरांना पुरेल इतका. त्यांनी जी नावं ठेवली ती इथं लिहीत नाही. त्यातून मी एक कला शिकलो. कुणी बघतंय असं वाटलं की डावा खांदा अलगद वर उचलून धरायचा. मुलाखतीत, फोटोत, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठंही. मी ती इतकी घोटली होती की घरच्यांनाही वाटायचं, पोराचा खांदा आपोआप बरा झाला.

केंद्र सरकारच्या कचेरीत नकाशे काढायची नोकरी लागली आणि बदलीवर चंदीगडला आलो. पंजाबातली ती अतिरेक्यांची वाईट वर्षं. चौकाचौकात नाके, वाळूची पोती, कधीही लागणारा कर्फ्यू. पण थंडी पडली की तिथला माणूस भाजी आणायलासुद्धा कोट घालून जातो, आणि मीही सतरा सेक्टरमधल्या एका काचेच्या दुकानात जाऊन कोट शिवून घेतला. माप घेताना अर्थातच खांदा वर धरला. त्या बिचाऱ्यानं समोर दिसला त्या सरळ माणसाचा कोट शिवला. मग मी जरा स्वतःला विसरलो की कोट एकीकडे आणि मी एकीकडे. कॉलर मानेपासून सुटून उभी राहायची. शिंप्याला बोलायला मला तोंडच नव्हतं.

याच काळात सुलभा भेटली. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलात ती सर्जरी शिकत होती. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झाली आणि पुढच्या गणपतीपर्यंत आमचं आपापसात ठरूनही गेलं. राहिले होते तिचे वडील. आबा म्हणजे अमरावतीचे निवृत्त हेडमास्तर. तीस वर्षं त्यांनी स्वतः पोरांची कवायत घेतलेली. ज्याचे खांदे सरळ त्याची नियत सरळ, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि एका चांगल्या इंजिनियरला त्यांनी केवळ पोक काढून बसला म्हणून चहा पाजून परत पाठवलं होतं. हे सुलभानं मला हसत हसत सांगितलं. मी खांदा वर धरून हसलो. आता आबा मला बघायला चंदीगडला यायचे होते. माझं ते बिंग त्यांच्यासमोर फुटलं तर लग्न मोडणारच, शिवाय सुलभाला वाटणार की वर्षभर यानं आपल्याला फसवलं. ते जास्त खरं होतं, म्हणून त्याची जास्त भीती.

मी कचेरीत चौकशी केली. पाच जणांनी पाच शिंपी सांगितले आणि पाचही जण आपापल्या शिंप्यासाठी भांडायला उठले. शेवटी ज्याच्या अंगावरचा कोट मला खरोखर आवडला होता त्या शर्माला एकट्याला गाठलं. तो म्हणाला की बावीस सेक्टरमध्ये मागच्या गल्लीत एक मास्टर आहे, डोक्यानं थोडा हललेला आहे, पण जा.

दुकान म्हणजे दहा बाय बारा. पुढं मास्टर, मागं पडद्याआड त्यांची बायको, जिला सगळे बीजी म्हणत. काज-बटणांचं सगळं काम तिचं आणि मापाची वहीही तिच्याकडं. मी नेहमीप्रमाणे खांदा उचलून उभा राहिलो. मास्टरांनी फीत गळ्यातून काढलीच नाही. त्यांनी विचारलं की हा कोट कुठं बसायला जाणार आहे. मी म्हटलं, सासरेबुवांसमोर. त्यावर त्यांनी फार गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, "एक बंदा अपनी भैंस लेके दर्जी के पास आया. बोला, मास्टरजी, इसका कोट बना दो. दर्जी ने पूछा, सिंगल ब्रेस्ट या डबल ब्रेस्ट? भैंस ने दर्जी को ऐसे देखा..."

आणि मास्टरांची म्हैस झाली. म्हणजे काय झालं ते कागदावर उतरत नाही. ती पांढरी दाढी, ती पगडी, आणि त्यात दोन ओशाळलेले, विचारात पडलेले म्हशीचे डोळे. एवढ्यात पडद्याआडून बीजी फुटली. तिचं हसणं कुकरच्या शिट्टीसारखं, आधी बारीक आणि मग आवरेनासं. ते ऐकून मला हसू आलं. मग तिला माझं हसणं ऐकून आणखी आलं. मी वाकलो, डोळे पुसले, आणि बघतो तर फीत माझ्या पाठीवरून फिरून गेलेली. मास्टर मोठ्यानं सांगत होते, "बायाँ कंधा, पौना इंच नीचे!" आणि बीजी हसत हसत लिहून घेत होती.

माझं हसू जागच्या जागी गोठलं. सतरा वर्षं झाकलेली गोष्ट या माणसानं गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडून सांगितली होती. मी जवळ जाऊन हळू आवाजात विनवलं की हे कुणाला कळता कामा नये. मास्टर म्हणाले, "हँसते आदमी का कंधा झूठ नहीं बोलता, बाऊजी. फिकर न करो. ये बात कोट को पता रहेगी, मोहल्ले को नहीं." मग जरा थांबून, "पर होनेवाली को बता देना. कोट तो खूँटी पे टँग जाएगा. आप कहाँ टँगोगे?"

मी बरं म्हटलं आणि अर्थातच काही सांगितलं नाही.

मास्टरांचा दुसरा नियम ट्रायलचा. अर्धा कोट पांढऱ्या दोऱ्याच्या कच्च्या टाक्यांवर उभा करायचा, गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघायचा, पुन्हा हसवायचं, आणि मगच पक्की शिलाई. कुणी घाई केली, ट्रायल राहू दे म्हणाला, की ते ताडकन सांगत, "बिना ट्रायल के सिर्फ कफन सिलता है जी." त्या दिवसांत हे वाक्य ऐकून दुकानात कुणी पटकन हसत नसे. मास्टरांना ते कळायचं आणि ते लगेच म्हशीकडं वळायचे. धंदा निम्म्यावर आला होता. दोन नवरदेवांचे सूट महिनाभर नुसते टांगलेले होते, कारण दोन्ही लग्नं दिल्लीला हलली होती. मी हळहळलो तर म्हणाले की लोक लग्न करायचं थांबवत नाहीत, फक्त बँड लहान करतात.

माझी ट्रायल शुक्रवारी होती. शुक्रवारी सकाळीच कर्फ्यू लागला. आबा आदल्या दिवशी येऊन सुलभाच्या क्वार्टरवर उतरले होते आणि रविवारी सकाळच्या गाडीनं परत जायचे होते. शनिवारी दुपारी दोन ते पाच ढील मिळाली. सगळं चंदीगड दूध आणि बटाटे आणायला धावलं आणि मी सायकल मारत शिंप्याकडं. मास्टरांनी शटर अर्धं वर करून मला आत घेतलं. कोट अंगावर चढवला आणि मी आरशात बघतच राहिलो. खांदा न उचलता मी सरळ दिसत होतो. पण डावी बाही अजून कच्च्या टाक्यावर होती आणि पक्की करायला दोन तास हवे होते. माझ्याकडं ते नव्हते. मी हातापाया पडलो. मास्टर नाही म्हणाले. बीजीनं पडद्याआडून पंजाबीत काहीतरी सुनावलं, तेव्हा कुठं हो म्हणाले. पांढरे दोरे तेवढे आत दुमडून दिले आणि तीनतीनदा बजावलं, "बाँह ऊपर मत करना."

मी हँडल पोटाशी धरून, बाळंतिणीच्या सावधपणानं सायकल चालवत निघालो. हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात नाका होता. पोलिसानं शिट्टी मारली. मी उतरलो.

"हाथ ऊपर."

मी उजवा वर केला. त्यानं बंदूक किंचित हलवली. मी त्याला सांगू लागलो की साहेब, दुसऱ्याची ट्रायल बाकी आहे. तो अधिकच सावध झाला. मग मी दुसराही वर केला, आणि कर्र असा आवाज होऊन माझी बाही खांद्यापासून सुटली आणि हातावरून घसरत खाली आली. तो पोलीस दोन पावलं मागं उडाला. नंतर मात्र पोत्यांमागचे चारही जण इतके हसले की एकाला खाली बसावं लागलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि शिंप्याचा पत्ता विचारून घेतला.

अशा थाटात मी आबांसमोर हजर झालो. एका बाजूला कोट, दुसऱ्या बाजूला शर्ट, आणि हातात बाही. आबा खुर्चीत काटकोनात बसले होते. मी झाला प्रकार सांगितला. सुलभानं मला स्टुलावर बसवलं, आपली पेटी आणली आणि जखम शिवायच्या सुईदोऱ्यानं बाही शिवायला घेतली. मी खांदा वर धरून बसलो होतो. तिनं त्याच्यावर हात ठेवून तो शांतपणे खाली दाबला.

आबांनी ते बघितलं. म्हणाले, "खांदा खाली आहे यांचा."

आता लपवायला बाहीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "हो. पाऊण इंच. मी लपवत होतो. हिच्यापासूनही."

"लपवत होतात?" सुलभा दोरा ओढत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून दिसतंय मला. तुमच्या झोळीचा पट्टा दर दहा पावलांना घसरतो. गणपतीच्या मिरवणुकीत मी धरली नव्हती का झोळी?"

धरली होती खरी. मला वाटलं होतं, ते प्रेम. तेही होतंच म्हणा. आबांच्या मिशीतल्या मिशीत काहीतरी हललं आणि त्यांनी निकाल दिला, "कवायतीला घेतला नसता. जावई म्हणून चालेल."

कर्फ्यू उठल्यावर आम्ही दोघं मास्टरांकडं गेलो. त्यांनी आमचं लग्न ठरल्याचं अभिनंदन नंतर केलं, आधी सुलभाचे टाके भिंगातून तपासले. ते म्हणाले की टाका माणसाचा आहे, कापडाचा नाही, पण उसवायला मन होत नाही. त्यांनी त्याच्यावरूनच पक्की शिलाई मारली. तो टाका अजून आत आहे.

चार वर्षांनी माझी पुण्याला बदली झाली. तोवर मी चांगला सुटलो होतो, म्हणून मास्टरांकडं दुसरा कोट टाकला. म्हैस झाली, बीजी वेळेआधी हसली, माप झालं. ट्रायल पंधरा दिवसांनी ठरली आणि आठच दिवसांत मला निघायचा हुकूम आला. मास्टर म्हणाले की या सवडीनं, ट्रायलसाठी कोट थांबेल. मी पुढच्या महिन्यात येतो म्हणालो. पुढचा महिना तीन वर्षांनी उगवला.

कचेरीच्या कामानं गेलो तेव्हा सुलभाही बरोबर आली. दुकान उघडं होतं. पडदा काढून टाकलेला, आणि पुढं, मास्टरांच्या खुर्चीवर, बीजी काजं करत बसली होती. मास्टर दीड वर्षापूर्वी गेले होते, झोपेत. आम्हाला कुणी कळवणार तरी कसं? बीजीनं मला ओळखलं, उठली आणि कपाटातून माझा कोट काढला. पांढरे कच्चे टाके जसेच्या तसे. बीजी म्हणाली की दोघांतिघांनी मागितला, पण मास्टरांनी दिला नाही, आणि ट्रायल झाली नाही म्हणून पुराही केला नाही.

मी तो घातला. आरशासमोर उभा राहिलो आणि, काय सांगू, माझा मेला खांदा आपसूक वर गेला. इतक्या वर्षांनी. कॉलर मानेपासून सुटली. बीजीनं हातात फीत घेतली होती, ती तशीच थांबली. मला रडायला येत होतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "बीजी, त्या म्हशीचं पुढं काय व्हायचं हो? तुमच्या हसण्यात मला शेवट कधी ऐकूच आला नाही."

बीजीनं चष्मा काढला. म्हणाली, "आगे की गल तो उन्हें भी नहीं पता थी, पुत्तर. चालीस साल सोचते रहे. इसीलिए तो मैं पहले हँस देती थी."

आधी सुलभा फुटली. मग मी. मग कुकरची ती बारीक शिट्टी सुरू झाली, आणि आम्ही तिघं त्या दहा बाय बाराच्या दुकानात एकमेकांना धरून हसलो. माझे डोळे वाहत होते. बीजीनं हसता हसताच माझ्या पाठीवरून फीत फिरवली, पसंतीची मान डोलावली आणि पक्क्या शिलाईसाठी कोटावरचे पांढरे दोरे एकेक करून काढायला घेतले.