तिसऱ्या मजल्यावरचा दवाखाना

जपानमधल्या निशी-कसाई स्टेशनातून बाहेर आले, तर समोर मंदाताई. माझी मोठी बहीण इतकी वाळलेली पाहून डोळे भरून यायला हवे होते. पण मी पडले डॉक्टर, आधी तिच्या साखरेचाच विचार आला.

सेंदाई शहरात आम्हा सरकारी दवाखान्यांतल्या डॉक्टरांचं प्रशिक्षण होतं, आफ्रिकेतलेही डॉक्टर येणार होते. त्याआधी चार दिवस ताईकडे मुक्काम. भाऊजी सकाळीच ऑफिसला जात, भाची जपानीत उत्तरं देई. ताई इन्सुलिन टोचून घेई, पण धड जेवत नसे. कचरा वेगवेगळा करून पिशव्या खाली ठेवायला गेली, की तिथेच जिन्यात बसून राही. मी मनाशी निदान केलं आणि भाचीकडून परस्पर मनोविकारांच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

ताईचा साखरेचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर, हा मनोविकारांचा त्याच इमारतीत तिसऱ्या. लिफ्ट तिसऱ्यावर उघडली, तर दारात तिच्या भिशीतली पुण्याची बाई. "चुकून बटण दाबलं," असं म्हणत ताईने लिफ्ट खाली नेली. घरी येईपर्यंत मी तिला सुनावत होते.

सेंदाईत जेवणाच्या सुट्टीत मलावीच्या डॉ. तावोंगा शेजारी बसल्या. बेंतोमधला (जपानी डबा) गार भात गिळताना लिंबाच्या लोणच्याची फार आठवण झाली. त्या सांगत होत्या, "मनाच्या आजारांसाठी आम्ही वेगळं दार उघडलं. कोणी पाहील नि वेडं समजेल म्हणून रक्तदाबाचे पेशंटही अंगणात फिरकेनात. आता बाक एकच. रक्तदाब मोजतानाच झोपेचं विचारतो. औषधं मात्र अजूनही संपतात."

मी डबा तसाच बाजूला ठेवला. ताईला फोन लावला, तो भाऊजींनी उचलला. ताईने साखरेच्या दवाखान्यातही जाणं बंद केलं होतं. लिफ्टमध्ये कोणी भेटेल म्हणे.

परतताना विमानतळावर ताई थालीपीठं घेऊन आली. मी तिचा हात धरला. "ताई, झोप लागते का गं?"

"चार दिवस घरात होतीस. तेव्हा विचारलं असतंस, तर सगळं सांगितलं असतं," ती शांतपणे म्हणाली. "जा, रांग पुढे सरकली."

साताऱ्याला आल्यावर आमच्या आरोग्य केंद्रातली मानसिक आजारांची वेगळी पाटी मी उतरवली. आता सगळे एकाच बाकावर बसतात, आणि बाया रक्तदाब मोजता मोजता मन मोकळं करतात. ताईची खुशाली मात्र भाऊजींना विचारावी लागते. माझा फोन ती घेत नाही.