गच्चीवरची शेवंती

आमच्या माहेरी लेक सासरी निघाली की तिच्या ओटीत शेवंतीची काशी घालतात. काशी म्हणजे झाडाच्या बुडाशी फुटलेला कोंब, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. माझ्याही ओटीत होती. शिरूर कासारला आल्यावर मी तुळस वाळवली, मोगरा वाळवला, निवडुंग पाणी पाजून पाजून मारला. शेवंती तेवढी जगली, कारण तिच्याकडे लक्ष द्यायचं मी विसरले. गावरान, बटणाएवढी, पिवळीधमक. बाजारातली शेवंती दिवाळीत मिरवून झाली की ही मार्गशीर्षात सावकाश उठते. उशिराची खोड आम्हा दोघींना सारखीच.

घाटनांदूरला मायच्या अंगणातली मात्र गेली. फुलं सरल्यावर मायने ती बुडापासून छाटली आणि गुडघ्यांसाठी दवाखान्यात जाऊन पडली. तेवढ्यात भावाने अंगणात सिमेंटचे गट्टू बसवून घेतले. गवंड्याला ती वाळकी काटकं वाटली. घरी आल्यावर मायने मला फोन केला, इकडचंतिकडचं सगळं बोलली आणि शेवटी म्हणाली, डोळे मिटायच्या आत एकदा ते फूल दारात बघायचं होतं.

मी काशी घेऊन निघाले, तर माय फोनवर म्हणाली, "दिलेली काशी माघारी घेत न्हाईत, बाई."

मग मी वकिली केली. लेकीकडून मायने घ्यायची नाही, पण नणंदेने भावजयीला द्यायला कुठे मनाई आहे? मायला हे इतकं पटकन पटलं, की ही पळवाट तिने आधीच शोधून ठेवली असावी.

भावजयीने हसून काशी घेतली. मोरीपाशी एक गट्टू काढून लावू म्हटलं, तर भाऊ म्हणाला, एक काढला की शेजारचे हलतात. हलू देत की, मी म्हणाले.

"ताई, तुला दोन दिवस राहून जायचं असतंय."

यावर चांगलं खणखणीत उत्तर सुचलं मला, पण एसटीत, केज मागे पडल्यावर.

शेवंती कुंडीत बसली आणि कुंडी गच्चीवर गेली. मायच्या गुडघ्यांना गच्ची म्हणजे परदेश.

मार्गशीर्षात भावजयीच्या स्टेटसला फोटो आला. कुंडीभर फुलं, मागे पाण्याची टाकी, वर "शुभ सकाळ". मी मायला फोन लावला.

"माय, शेवंती फुलली गं."

"तुज्याकडं?"

"न्हाई. तुज्याच घरी. वर."

तिने टीव्हीचा आवाज बारीक केला. मग तिने विचारलं, "रंग तसाच हाय का?"

मी फोटो मोठा करून पाहिला. भावजयीने त्याला कसलीशी चमक लावली होती. फुलं पार केशरी दिसत होती.

"तसाच हाय," मी म्हणाले.